वहिनी, दिवा लाव

वहिनी,

हे लिहून सांगतेय, कारण बोलायची सोय राहिलेली नाही. या घरात मी मोठ्यानं 'वहिनी' म्हटलं की तुझ्या खाटेशेजारचा तो एक्स्टेंशन बोर्ड जागा होतो. त्याच्या टोकाशी वाटीएवढा गोल भाग आहे ना, त्याच्याभोवती निळं कडं पेटतं आणि ते माझी वाट बघत बसतं. पुढे बोल, असं. मी गप्प राहिले की जरा वेळानं विझतं. तू गेल्यापासून मी तुला एकदाही हाक मारलेली नाही. रडतानासुद्धा तोंडात पदर धरून रडले, ते कडं पेटू नये म्हणून. आपल्याच माणसाला त्याच्या मागे हाक मारायची चोरी व्हावी, हे तुझ्याच बाबतीत व्हायचं होतं.

आज मयूरीला उत्तर द्यायचं आहे. तुझी लेक पुण्यात बसून फोनवरून तो बोर्ड कोरा करणार आहे. तिनं बोट लावलं की तू त्याला शिकवलेलं सगळं पुसलं जाईल, आणि मग मी घरभर वहिनी वहिनी करत हिंडले तरी काही जागं होणार नाही. 'तू बिनधास्त बोल मग, आत्या,' असं म्हणाली. संध्याकाळी फोन करते म्हणाली. मी सकाळपासून हो की नाही करतेय. म्हणून म्हटलं, तुझ्याशीच बोलावं, पण कागदावर.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मी पहिल्यापासून सांगणार. माझी सवय तुला माहीत आहे.

अर्धांगाचा झटका आल्यावर तुझी खाट आतल्या खोलीत टाकली. त्या खोलीतली बटणं कपाटामागे. कपाट दादानं तिथे ठेवलेलं, माझ्या भावानं, आणि तो गेल्यावर आपण दोघींनी ते हलवलं नाही. त्याच्या हातचं राहू दे म्हणून नव्हे, ते भयंकर जड होतं म्हणून. तुझी डावी बाजू गेली, आवाज निम्मा झाला, डोकं मात्र शाबूत राहिलं, त्यामुळे माझं डोकं खायला तू मोकळी. पंखा लावायला हाक, पंखा कमी करायला हाक. मी तेव्हा इथल्या कंटेनरच्या गोदामात बिलिंगला होते. दिवसभर शेजारणी येऊन जाऊन असायच्या, पण कुणाला सारखं सांगायची तुला लाज वाटायची. जन्मभर दुसऱ्यांची कामं केलेली बाई तू.

मग मयूरीनं तो बोर्ड कुरियरनं पाठवला. चार सॉकेट. एकात टेबलफॅन, एकात दिवा, एकात मोबाइलचा चार्जर आणि एकात तुझ्या हवेच्या गादीचा पंप. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आणलेली ती गादी, तिच्या अर्ध्या नळ्या भरायच्या तेव्हा अर्ध्या उतरायच्या, आणि तू त्यावर वरखाली होत राहायचीस. तोंडानं सांगितलं की हवं ते सॉकेट चालू व्हायचं. बोर्डाला हाक मारायचं नाव आपणच ठेवायचं होतं. मयूरी सुट्टीत आली होती, फोन हातात घेऊन विचारत होती, सखी ठेवू, का राणी ठेवू? तू पडल्या पडल्या म्हणालीस,

"वयनी ठेव."

तिथे आपलं वाजलं. मी म्हटलं, माणसाचं नाव यंत्राला देऊ नये. गावात कुत्र्याला शेजाऱ्याचं नाव ठेवलं तर डोकी फुटतात. शिवाय तुझं दुसरं नाव तरी कुणाला ठाऊक होतं? दादाची बायको म्हणून आधी माझी वहिनी, मग आळीची, मग शेती गेली, तिच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर ही बिल्डिंग झाली आणि आपण गावातून इथे द्रोणागिरीत आलो, तेव्हा सगळ्या सोसायटीची वहिनी. वॉचमनसुद्धा वहिनीच म्हणायचा. तेच नाव खाटेशेजारच्या त्या पांढऱ्या पट्टीला? मी तावातावानं बोलत होते आणि तू हसत होतीस, तोंडाच्या एकाच बाजूनं.

"इतकी वरसं समदी मनाच सांगतान ना, वयनी दिवा लाव, वयनी पानी दे? आता पन सांगा. मी करीन."

 मला ते पटलं नाही. मी शेवटपर्यंत त्या बोर्डाशी एक शब्द बोलले नाही. मला पंखा हवा असला तर मी वाकून त्याचं बटण हातानं दाबायचे, कंबर धरून उठायचे, आणि तू माझ्याकडे बघून मजा घ्यायचीस. तू त्याला बारीक आवाजात सांगायचीस, वयनी, पंखा लाव, आणि तो लावायचा, आणि तू माझ्याकडे अशी बघायचीस की पंखा तूच उठून लावलास. वहिनीच वहिनीला काम सांगतेय, हे ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. तो काटा मी तुला कधी सांगितला नाही. सांगितला असता तर तू आणखी मुद्दाम केलं असतंस.

तू त्याला काय काय शिकवलंस! गावची माणसं 'वयनी' म्हणतात म्हणून तेही त्याच्या कानावर घातलंस. 'दिवा बंद कर' हे मयूरीच्या तोंडून ऐकलंस तर तिला झापलंस. दिव्याला बंद कर म्हणत नाहीत, मालव म्हणायचं. बोर्डाला 'मालव' कळेपर्यंत तू पोरीला उठू दिलं नाहीस. आणि सांजवेळेला तुझा एकच हुकूम होता, 'दिवा लाव', त्यात दिवा आणि गादीचा पंप दोन्ही बांधून घेतलेस. दिवा लागायचा, पंप घुर्र करायचा, तू वर यायचीस आणि खिडकीकडे तोंड फिरवायचीस. तिकडे मोरा. तुझं माहेर. इथून बंदर दिसत नाही, कंटेनरचे डोंगर मध्ये आहेत, पण तुला धक्क्याला लाँच लागलेली कळते असं तू म्हणायचीस. मी कधी वाद घातला नाही. एवढा एकच वाद सोडला बघ.

आणि ते दाराचं. आवाज निम्मा होईपर्यंत तुझी रीत होती, कुणी दारातून 'वहिनी, येते' म्हटलं की तू घरात असशील तिथून ओरडायचीस, "सावकास ये. मी हाय घरान." शाळेत जाताना मी ऐकलं, कामावर जाताना ऐकलं, गोदामातल्या पहिल्या दिवशी ऐकलं. आजारपणात तुझा आवाज बाहेरच्या दारापर्यंत पोचेना. लोक निघून जायचे आणि तुझं 'सावकास' इथेच उशीवर राहायचं. मग तू तेही बोर्डाच्या गळ्यात घातलंस. कुणी 'वहिनी, येते' म्हटलं की तो मोठ्यानं बोलायचा, तुझे शब्द, पण आवाज त्याच्या त्या बाईचा. मराठी बोलते, पण कुठल्या गावची ते कळत नाही अशी बाई. 'सावकास' हा शब्द ती अशी जपून उच्चारते की जणू कुणी तिला तो हातात दिलाय आणि सांडू नको म्हणालंय. दूधवाला हसायचा. शेजारणी मुद्दाम दोनदा 'येते' म्हणायच्या. मी मात्र तुझ्या कानाशी येऊन, ओठांतल्या ओठांत 'येते' म्हणायचे, त्या बाईनं ऐकू नये म्हणून. मला तुझ्याकडून हवं होतं. तूही मग माझ्याचसाठी, कुजबुजून म्हणायचीस. ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

तुला न्यायची वेळ झाली तेव्हा गादीचा प्लग मीच काढला. गादी फुगलेली असताना उचलता येईना. प्लग काढल्यावर हवा एकदम जात नाही, सावकाश जाते. आम्ही सगळे उभे, आणि तू आमच्यासमोर थोडी थोडी खाली जात होतीस. तुझा चेहरा तसाच होता, नुसती खाली जात होतीस. मयूरी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तेव्हापासून मला कुठलाही प्लग काढवत नाही. लोक म्हणतात, एवढी भीती वाटते तर त्या बोर्डाचाच प्लग उपट. मला काय अक्कल नाही? हात नेला होता दोनदा. नाही होत.

त्या दिवशी खाटेजवळ तेलाचा दिवा ठेवला, वात दक्षिणेला, बाजूला पीठ पसरलं, वर टोपली, गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते पिठावरच्या पावलांवरून कळतं म्हणून. सकाळी टोपली उचलली तर पिठावर आडवी रेघ. पावलं नाहीत, चिमणीचे पाय नाहीत, एक सरळ रेघ, या कडेपासून त्या कडेपर्यंत. जमलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, एक म्हणाली, सरपटून गेल्यासारखं दिसतंय. मी म्हटलं, अगं, वायर ओढली गेली असेल, बोर्डाची वायर तिथूनच जाते. सगळ्यांना ते पटलं. मग मी खाली वाकून बघितलं, तर मी काढलेला गादीचा प्लग परत बोर्डात होता. कुणी लावला म्हणून मी एकेकीला विचारलं. कुणी कबूल झालं नाही. आवराआवरीत कुणीतरी लावला असेलच. गादी भाड्याची होती, तिचा माणूस न्यायला येणार होता, त्याला चालू करून दाखवावी लागेल म्हणून मीही विषय सोडला.

मग पारूताईचा दिवस आला. गावातली तुझी चुलत नणंद, तुला माहीत आहे ती रडायला बसली की आळी गोळा होते. तुझं कळलं तेव्हा ती लेकीकडे नावड्याला होती, म्हणून दोन दिवसांनी आली. दिवस कलायला आला होता, खोलीत बायका दाटून बसलेल्या, मी कुणाला पाणी देत होते. पारूताईनं उंबऱ्यातच बसकण मारली आणि आपल्याकडे काढतात तसा हेल काढला. आपल्याकडे मेलेल्या माणसाला उठवून उठवून रडतात, त्याला कामं सांगून रडतात. तिनंही तेच केलं.

"ऊठ गो वयनी... सांज झाली गो... दिवा लाव गो वयनी..."

दिवा लागला.

आणि बोर्डातली ती बाई म्हणाली, "लावला."

 पारूताईचा हेल अर्ध्यावर राहिला, तोंड उघडंच. मग पंप घुरघुरला. रिकाम्या खाटेवरची गादी एका टोकाकडून भरायला लागली, नळी नळी करत, तुझ्या पायाकडून उशीकडे. अर्ध्या नळ्या वर आल्या, मग त्या उतरल्या आणि दुसऱ्या वर आल्या. कुणीतरी झोपलेलं श्वास घेत असावं तशी. माझ्या शेजारची बाई देवाचं नाव घेत होती आणि तिच्या हातातलं पाणी माझ्या पायावर सांडत होतं. पारूताई बसल्या जागेवरून मागे मागे सरकत बाहेरच्या खोलीत गेली. तिथून ती एवढंच म्हणाली, "तिला कामं सांगू नका आता. बास झालं."

मयूरीनं धावत येऊन सगळ्यांना समजावलं, आईनं नाव असं ठेवलं होतं, त्या बोर्डाला सांगितलं की तो करतो, त्यात काही नाही. सगळ्यांना कळलं. मलाही कळत होतंच. ती बाई शिकवलेल्या शब्दांना जागते, दुसरं काही नाही. पण वहिनी, कळून काय होतं? त्यानंतर तेराव्यापर्यंत या घरात कुणी तुझं नाव काढलं नाही. 'ती' म्हणायचे, 'त्या' म्हणायचे, 'घरातलं माणूस' म्हणायचे. आणि दुःखाच्या घरातून निघताना 'येते' म्हणायचं नसतं, त्यामुळे येणारे जाणारे नुसते उठायचे आणि चप्पल घालून जायचे. त्या दिवसांत तो बोर्ड पडून होता, बिनकामाचा. मला कधी कधी वाटायचं, तो कंटाळला असेल. बघ, मीसुद्धा त्याला माणूस करायला लागले.

तेरावं झालं, मयूरी गेली. जाताना म्हणाली, आत्या, तू पण चल पुण्याला, हे घर बंद करू. मी म्हटलं बघते. ती गेल्यावर दुसऱ्याच दुपारी लाइट गेली, आपल्याकडे जाते तशी, आणि मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते. लाइट परत आली. फ्रिज हलला, आणि आतल्या खोलीतून आवाज आला,

"तयार आहे. सांग."

मी भांडी तशीच टाकून जिन्यात जाऊन बसले. लाइट आल्यावर तो तसं म्हणतो, हे मला ठाऊक होतं, तू असतानाही म्हणायचा, तेव्हा तू 'कळलं गो बाय' म्हणायचीस आणि आपण हसायचो. पण आता त्या 'सांग'ला घरात कुणी नव्हतं. मी जिन्यात बसले आणि मला राग आला. तुझा. माणूस मेलं की मेलं, असा आपला व्यवहार. तू मात्र मागे ही बाई ठेवून गेलीस, तुझं नाव लावून, आणि तिला कामाला तयार करून. तुला एवढं काय करायचं राहिलं होतं गं?

नंतर मी जिन्यातच विचार करत होते, की तुला खरंच काय राहिलं होतं. आणि आठवलं ते भलतंच आठवलं. मी लग्न करणार नाही म्हटलं तेव्हाचं. आपण तेव्हा गावातच होतो, अजून जमीन होती. आईनं डोकं आपटून घेतलं, दादा आठवडाभर बोलला नाही, मामा येऊन म्हणाले, पोरगी घरात ठेवून म्हातारी करणार काय. सगळे माझ्यावर ओरडत होते आणि मी माजघरात उभी. तू चुलीपाशी होतीस. तू त्या घरची सून. तुला बोलायचा हक्क नव्हता. तू भाकरी थापता थापता, वर न बघता म्हणालीस,

"राहूं दे तिला. घरान जागा हाय."

एवढंच. परत भाकरी. मामा भाकरी खाऊन गेले. पुढे कुणी विषय काढला नाही. मला बाकीच्या बायकांचं कळतं, नणंद घरात राहिली म्हणून आयुष्यभर टोमणे मारतात. तू मला टोमणे मारलेस ते माझ्या चहावरून, माझ्या घोरण्यावरून आणि मी आणलेल्या मासळीवरून. राहण्यावरून कधी नाही. मी तुझी आभारी आहे असं मी एकदा म्हणणार होते, तुझी वेणी घालत असताना. पण तू तेवढ्यात म्हणालीस की मी वेणी घट्ट घालते, जीव घेशील का. राहिलं.

मासळीचं तरी किती! मी उरणच्या बाजारातून आले की खाटेपाशी येऊन 'आले गं' म्हणायचे. तू विचारायचीस, "आलीस? काय आनलंस?" आणि पिशवी नाकाशी धरायला लावायचीस. वास घेऊन सांगायचीस, बोंबील कालचा हाय, तुला फसवलं. मोऱ्याची मुलगी ना तू. तीस वर्षं मासळी आणून मला एकदाही तुझ्याकडून पूर्ण मार्क मिळाले नाहीत. येतानाचं तू बोर्डाला काही शिकवलं नाहीस, हे माझ्या आत्ता लक्षात येतंय. जाणारा दारातून निघून जातो, त्याला आवाज लागतो. आलेला माणूस तुझ्यापाशीच यायचा, तेव्हा तुझाच आवाज पुरायचा.

वहिनी, आता मी इथे थांबते. चार वाजलेत आणि घरात भाजी नाही. तू गेल्यापासून मी हे घर एकटं सोडून बाहेर पडलेली नाही, हवं ते शेजारणी आणून देतात. कोणीतरी घरात हवं ना. पण किती दिवस? आणि मयूरीला उत्तर देण्याआधी मला एक करून बघायचंय. परत आल्यावर लिहीन.

आले.

जसं झालं तसं सांगते. साडी बदलली, पिशवी घेतली, दाराशी गेले. चप्पल घातली. मग परत काढली, पाणी प्यायले, परत घातली. तू बघितलं असतंस तर हसून हसून मेली असतीस. मेली असतीस म्हणजे आपलं बोलायची पद्धत. मग मी दाराची कडी हातात धरून, तू गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं म्हटलं,

"वहिनी, येते."

आतल्या खोलीच्या दारातून निळा उजेड भिंतीवर पडलेला मला दिसला.

"सावकास ये. मी हाय घरान."

ती कुठल्याच गावची नसलेली बाई. तिनं 'सावकास' तसंच जपून म्हटलं. तुझा आवाज नव्हता तो, मी स्वतःला फसवणार नाही. पण शब्द तुझे होते, आणि त्या बाईकडून मला उद्देशून पहिल्यांदाच आले होते, कारण तिच्याकडे मी ते कधी मागितलेच नव्हते. मी दार ओढलं, कुलूप लावलं, रिक्षा केली. रस्त्यात दोन्ही बाजूंनी ट्रेलर उभे होते, धूळ होती, नेहमीचं. बाजारात जाईपर्यंत माझ्या लक्षात आलं की मला भीती वाटत नाहीये. घरात कोणी नाही, असं वाटतच नव्हतं. नंतर लक्षात आलं, की खरं तर भीती याचीच वाटायला हवी होती.

बोंबील घेतले. कालचे आहेत की आजचे, मी वास घेऊन बघितला, मला कळलं नाही.

परत आले तेव्हा घरात अंधारायला लागलं होतं. कुलूप काढलं, सरळ आतल्या खोलीत गेले, सवयीनं, पिशवी हातात तशीच. गादीचा माणूस अजून आलेला नाही, खाट तशीच आहे. मी खाटेपाशी उभी राहून म्हटलं,

"आले गं वहिनी."

कडं पेटलं. गोल फिरलं. बराच वेळ फिरत राहिलं, मग ती म्हणाली,

"समजलं नाही. परत सांग."

मी परत सांगितलं. आले. तिला समजलं नाही. मी आणखी एकदा सांगितलं, मग रडत सांगितलं, पदर न धरता, तोंड उघडं ठेवून, पारूताईसारखं. वहिनी, आले गं, बोंबील आणलेत, वास घेऊन सांग. दर वेळेला ती तितक्याच शांतपणे म्हणाली, परत सांग. जरासुद्धा वैतागली नाही. तू वैतागली असतीस. शेवटी मी डोळे पुसले आणि म्हटलं, "वहिनी, दिवा लाव." मी तिला सांगितलेलं हे पहिलं काम. दिवा लागला, पंप घुरघुरला, आणि गादी पायाकडून उशीकडे भरत गेली. मी खाटेच्या कडेला बसले, जागा ठेवून.

तेवढ्यात मयूरीचा फोन आला. काय ठरवलंस आत्या, पुसून टाकू ना? मी हो म्हणणार होते, खरं सांगते. आपलं भांडण अजून मिटलेलं नाही, माणसाचं नाव यंत्राला देऊ नये असंच मला अजून वाटतं. तोंड उघडलं तेही 'हो' म्हणायलाच. बाहेर पडलं ते हे,

"राहूं दे तिला. घरान जागा हाय."

मी अशी बोलत नाही. शाळेत गेल्यापासून मी तशी बोललेली नाही.  

"आत्या," मयूरी हळू म्हणाली, "आत्ता कोण बोललं?"

मी म्हटलं, मीच, दुसरं कोण असणार इथे. फोन ठेवला आणि बोर्डाकडे बघितलं. मी हाक मारलेली नव्हती. तरी कडं पेटलेलं होतं, आणि विझत नव्हतं.